गोमुखी भूखंडावरचा तिरपा दिवाणखाना : आकारांनी काही साधता येईल का?

राजेंद्रनगर_इंदूर | १२ जून

नमस्कार. आमचे घर इंदूरच्या राजेंद्र नगरात आहे. सासऱ्यांनी भूखंड घेतला तेव्हा तो गोमुखी, म्हणजे रस्त्याकडे अरुंद आणि मागे रुंद, असल्यामुळे राहण्यास शुभ मानला गेला होता. त्या शुभत्वाचे व्याज आम्ही आजतागायत फरशीच्या तुकड्यांत फेडत आहोत. दिवाणखाना १६ फूट लांब आहे. त्याची रस्त्याकडील बाजू १० फूट ९ इंच भरते आणि स्वयंपाकघराकडील बाजू पूर्ण १२ फूट. डावीकडची भिंत तिरपी आहे; बाकीच्या तीन भिंती काटकोनात आहेत, निदान आम्ही तसे समजतो. पुढच्या अर्ध्या भागात बैठक आणि मागच्या अर्ध्या भागात जेवणाचे टेबल, अशी विभागणी आहे.

आता घराचे काम काढले आहे. ज्या डिझायनरकडे गेलो त्यांच्या चित्रात सारे काही गोल होते : गोलाईचा सोफा, छतात पीओपीचे मोठे वर्तुळ, स्वयंपाकघराच्या वाटेवर अर्धगोल कमान आणि भिंतीत कमानदार कोनाडे. चित्र सुरेख होते. पण त्यात आमची डावी भिंत सरळ काढलेली होती. आमच्या सुताराने ते पाहून एवढेच म्हटले, "गोलाई में माल भी जाता है और टाइम भी."

माझी धास्ती अनुभवातून आली आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डिझायनरकडून वरच्या खोलीत गोल छत करून घेतले. पंख्याचा हूक स्लॅबमध्ये जेथे होता तोच वर्तुळाचा मध्य धरला गेला, आणि तो खोलीचा मध्य नव्हता. परिणामी वर्तुळापासून एका बाजूची भिंत १४ इंचांवर आणि समोरची २२ इंचांवर आली. पलंगावर पाठ टेकली की नजर रोज त्या आठ इंचांवरच जाते.

घरात आम्ही पाच माणसे आहोत. सासूबाई ७८ वर्षांच्या असून वॉकर घेऊन चालतात. कोणते आकार कोठे वापरावेत, आणि तिरपी भिंत लपवावी की तशीच राहू द्यावी, याविषयी जाणकारांनी लिहावे.

काटकोन | १२ जून

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे सौंदर्याविषयी इतरांनी बोलावे. मी मापाविषयी बोलतो. "आम्ही तसे समजतो" हे वाक्य प्रथम खोडून टाका. गवंड्याचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लहान असतो आणि १६ फुटांच्या भिंतीवर त्याची किरकोळ चूकही मोठी होते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६ फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर ८ फुटांवर खडूने खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर मोजा. ते बरोबर १० फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. हा ३-४-५ चा जुनाच हिशेब आहे, फक्त दुप्पट मापाने केलेला. चारही कोपरे असे तपासल्याशिवाय फर्निचरचा एक तुकडाही ठरवू नका.

आपण दिलेली मापे खरी धरली, तर भिंत १६ फुटांत १५ इंच सरकते, म्हणजे साधारण साडेचार अंश. एवढा तिरपेपणा रिकाम्या खोलीत फारसा जाणवत नाही. सरळ रेषा तिच्याशेजारी आली की तो उघडा पडतो. २ फुटांच्या चौकोनी टाइल्स उजव्या, सरळ भिंतीपासून लावत गेलात, तर आतल्या टोकाला रांगेत सहा पूर्ण टाइल्स बसतील आणि रस्त्याकडील टोकाला पाच पूर्ण व एक ९ इंचांचा तुकडा. मधल्या प्रत्येक रांगेत शेवटची टाइल जवळजवळ दोन-दोन इंचांनी कमी होत जाईल. डाव्या भिंतीशी तयार होणारी ही पाचर सगळ्यांना दिसते, आणि लोक दोष भिंतीला न देता गवंड्याला देतात. यावर दोनच उपाय आहेत : फरशी ४५ अंशांत तिरकी लावावी, म्हणजे सगळ्याच भिंतींशी तुकडे येतात आणि नजरेला तुलना करायला काही उरत नाही, किंवा ती पाचर कशाखाली तरी झाकून टाकावी.

लाकूडगंध | १३ जून

काटकोन काकांचा दुसरा उपाय मी पुढे नेतो. आमचा फर्निचरचा लहानसा कारखाना आहे आणि जुन्या इंदुरातल्या घरांत अशा खोल्या आम्हाला नित्याच्याच आहेत.

आधी गोलाईविषयी. ताईंचा सुतार खोटे बोलत नाही. चौरसातून त्यात बसणारे सर्वांत मोठे वर्तुळ कापले तरी २१ टक्क्यांहून थोडे अधिक लाकूड कोपऱ्यांत उरते, आणि त्या उरलेल्या तुकड्यांचे काही होत नाही. उभी गोलाई करायची तर फ्लेक्सी, म्हणजे सहज वाकणारी, प्लाय वापरावी लागते, अथवा जाड बोर्डाला मागून जवळजवळ खाचा मारून तो वाकवावा लागतो. खाचांमधले अंतर चुकले की पुढून गोलाईऐवजी पैलू दिसू लागतात. त्यावर साधा १ मिलिमीटरचा सनमायका लहान वळणावर तडकतो. हे सगळे करता येते. पण जेथे गोलाईचा उपयोग आहे तेथेच ते करावे.

गोलाईच्या सोफ्याचा आपल्या खोलीत उपयोग नाही. त्याची पाठ मध्यावर भिंतीला टेकते आणि दोन्ही टोकांमागे रिकामी जागा राहते, जेथे केरसुणी पोहोचत नाही आणि मुलांचे चेंडू मात्र पोहोचतात. असा सोफा भिंतीपासून दूर, मोठ्या दालनाच्या मध्यभागी शोभतो. पावणेअकरा फुटांच्या खोलीत तो रस्ता अडवील.

माझी सूचना अशी की तिरप्या भिंतीला आतल्या टोकापासून कपाट करावे, ज्याची खोली आत १५ इंच असेल आणि पुढे कमी कमी होत जाईल, म्हणजे कपाटाचा दर्शनी भाग उजव्या भिंतीला समांतर राहील. पूर्ण १६ फूट लांब केले तर दिवाणखाना आयत होतो आणि आपण १८२ चौरस फुटांतले अवघे १० चौरस फूट देता. पुस्तकांना ९ इंच खोली पुरते; ती आपल्याला आतल्या टोकापासून सहा फुटांपेक्षा किंचित पुढेपर्यंत मिळेल. त्यानंतरच्या फळ्यांवर चष्मे, औषधे, चार्जर अशा वस्तू राहतील. अगदी पुढची दोन-तीन फूट तर नुसती फळीच होईल, म्हणून मी स्वतः ८ फुटांवरच थांबेन.

मालव_माती | १३ जून

तिरप्या भिंतीवर उभ्या पट्ट्यांचा वॉलपेपर लावला तर? उभ्या रेषांनी उंची वाढल्यासारखी वाटते आणि लक्ष तिरपेपणावरून हटेल, असे सगळीकडे सांगतात.

माणिकबाग_रोड | १४ जून

सगळीकडे सांगतात हे खरे. पण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच उलटे दाखवून दिले होते. दोन सारखेच चौरस घेऊन एकात आडव्या आणि दुसऱ्यात उभ्या रेषा भरल्या, तर आडव्या रेषांचा चौरस उंच दिसतो आणि उभ्या रेषांचा रुंद. कागदावर काढून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे. तेव्हा पट्ट्यांवर भिस्त ठेवू नये.

मी वास्तुकला शिकवते आणि विद्यार्थ्यांना आकार हा विषय समजावताना आपल्याच गावातल्या माणिकबागेपासून सुरुवात करते. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून तो महाल उभारून घेतला. बाकीचे संस्थानिक सोनेरी वेलबुट्टीत रमलेले असताना येथे पोलादी नळ्या, काच, सपाट भिंती आणि शुद्ध भूमिती होती. आयलीन ग्रे यांची खुर्ची होती, इव्हान दा सिल्वा ब्रून्स यांचे भौमितिक नक्षीचे गालिचे होते. १९८० मध्ये मोनाकोतील लिलावात ते सामान विकले गेले आणि आज त्या वास्तूत केंद्रीय कर विभागाचे कार्यालय आहे. मला त्या खोल्यांच्या छायाचित्रांत भावते ते असे की भिंती आणि छत गप्प आहेत, आणि आकार बोलतो तो एखाद्या खुर्चीचा किंवा गालिच्याचा. आपल्या डिझायनरच्या चित्रात छत, दार, भिंत आणि सोफा हे चौघेही एकाच वेळी बोलत आहेत.

आता तिरपेपणाविषयी. रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवरचा चौक समलंब, म्हणजे एका बाजूला अरुंद आणि समोर रुंद, आहे, कारण एक जुनी इमारत आधीच दुसरीशी काटकोनात नव्हती. मायकेलअँजेलोने सोळाव्या शतकात त्याचा आराखडा करताना ती इमारत पाडली नाही. समोर तशीच तिरपी दुसरी योजली आणि मधल्या जमिनीवर लंबगोल आखला. ती फरसबंदी प्रत्यक्षात आली १९४० मध्ये, पण कल्पना त्याचीच. लंबगोलाला कोणतीच बाजू भिंतीशी समांतर ठेवावी लागत नाही, म्हणून भिंत किती सरकली हे तो सांगत नाही. चौकोनी गालिचा ते ताबडतोब सांगतो. राजेंद्र नगरात मायकेलअँजेलो आणणे जरा अतिच झाले, हे मान्य. परंतु कपाट ८ फुटांवर थांबवून पुढच्या बैठकीत लंबगोल सतरंजी घातली, तर उरलेला साडेसात इंचांचा तिरपेपणा कोणाच्या लक्षात येणार नाही.

ओट्यावरची_काकू | १४ जून

चर्चा उद्बोधक आहे, पण सासूबाई त्यात कोठेच दिसत नाहीत. माझ्या आईने शेवटची सहा वर्षे वॉकरवर काढली, म्हणून लिहिते.

म्हाताऱ्या माणसाला आकार कळतो तो कंबरेला आणि नडगीला. ग्रॅनाइटच्या ओट्याचा कोपरा काटकोनात सोडला की स्वयंपाकघरात शिरताना तो नेमका कंबरेखाली लागतो. तेथे चार इंचांची गोलाई आणि कडेला हाफ राउंड करून घ्यावे. टीपॉयला कोपरे नसावेत. सतरंजी लंबगोल असो की चौकोनी, वॉकरच्या वाटेवर तिची कड येता कामा नये.

गोल टेबल घेणार असाल, तर मधल्या एकाच खांबाचे घेऊ नका. दिसते मोकळे, पाय आपटत नाहीत, सगळे खरे; पण उठताना म्हातारी माणसे दोन्ही हातांनी टेबलाची कड दाबतात आणि खांबाचा बूड लहान असेल तर टेबल त्यांच्याकडे कलते. आमच्याकडे आमटीचे पातेले असेच खाली आले होते. चार पायांचे गोल टेबल घ्या.

काटकोन | १५ जून

काकूंचा मुद्दा आकड्यांत मांडतो. कपाट झाल्यावर आतल्या टोकाची रुंदी १२९ इंच उरते. ४ फूट व्यासाचे टेबल मध्यभागी ठेवले, तर दोन्ही बाजूंना साडेचाळीस इंच राहतात. बसलेला माणूस आणि त्याची खुर्ची टेबलाच्या कडेपासून साधारण १८ इंच घेतात; मागे साडेबावीस इंच उरतात आणि साधारण २ फूट रुंदीचा वॉकर तेथून जात नाही. टेबल ४२ इंचांचे घेतले, तर हाच आकडा साडेपंचवीस होतो आणि वॉकर जातो. ४२ इंच व्यासाचा परिघ १३२ इंच. माणशी २ फूट धरले तर पाच जण नीट बसतात. आपण पाचच आहात.

सराफा_रात्र | १५ जून

माझे मत वेगळे आहे. तिरपी भिंत लपवायचीच कशाला? तिला गडद रंग द्यावा आणि मिरवावी. इंदूरच्या राजवाड्याच्या खालच्या तीन मजल्यांचा दगड आणि वरच्या चार मजल्यांचे लाकूड यांचा मेळ कोणी लपवला नाही, म्हणूनच तो राजवाडा वाटतो.

माणिकबाग_रोड | १५ जून

तिरपेपणा ३० अंशांचा असता तर मी आपल्या बाजूने मत दिले असते. साडेचार अंशांचा तिरपेपणा मुद्दाम केलेला वाटत नाही, चूक वाटतो, आणि गडद रंगाने ती चूक अधोरेखित होते.

गोलाईच्या बाजूने एक गोष्ट मात्र नमूद करते, नाहीतर मी तिची वैरीण ठरेन. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना गोलाईच्या आणि कोनांच्या खोल्यांची चित्रे दाखवली गेली, गोलाईच्या खोल्या त्यांना अधिक सुंदर वाटल्या, पण "या खोलीत शिराल का?" या प्रश्नाच्या उत्तरात फरक पडला नाही. सुंदर वाटणे आणि राहावेसे वाटणे यांतले हे अंतर मला फार बोलके वाटते.

राजेंद्रनगर_इंदूर | २२ जून

सर्वांचे आभार. या आठवड्यात आम्ही पैसे न खर्चता पुष्कळ काही केले. कोपरे मोजले : दोन नव्हे, एकच काटकोनात निघाला, रस्त्याकडील उजवा कोपरा पाऊण इंचाने चुकलेला आहे. मग फर्निचर बाजूला करून कपाट, टेबल आणि सतरंजी ही तिन्ही जमिनीवर खडूने खऱ्या मापात काढली. टेबलाच्या वर्तुळाभोवती खुर्च्या मांडून आम्ही चौघे बसलो आणि सासूबाईंना वॉकर घेऊन मागून जायला सांगितले. ४८ इंचांच्या वर्तुळाला त्यांनी दोनदा माझ्या खुर्चीला धडक दिली. ४२ इंचांच्या वर्तुळाला त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि तेथून म्हणाल्या, "आता चहाही ठेवते."

लंबगोल मात्र काही केल्या नीट येईना. तो दर वेळी बटाट्यासारखा होतो. तो कसा आखावा? आणि कमानीचे काय करावे? वाट ४ फूट रुंद आहे आणि वरच्या बीमचा तळ ७ फुटांवर आहे.

काटकोन | २२ जून

लंबगोलासाठी पुन्हा ३-४-५ च कामी येते, आणि हे सांगताना मला होणारा आनंद कृपया खपवून घ्यावा. साडेसात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असा लंबगोल घ्या. लांबीच्या रेषेवर एकमेकांपासून ६ फुटांवर दोन खुणा करा आणि त्यांवर दोन मुलांना एकेक खिळा धरून बसवा. साडेसात फुटांच्या सुतळीचे एकेक टोक एकेका खिळ्याला बांधा. गाठींत जाणारी सुतळी वेगळी धरा. आता खडूने सुतळी ताणून धरत एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने फिरवा. सुतळी सैल पडली नाही, तर बटाटा होणार नाही.

कमानीविषयी : अर्धवर्तुळाची उंची रुंदीच्या निम्मी असते. ४ फुटांच्या वाटेला २ फूट उंची लागेल, म्हणजे कमान बाजूंना ५ फुटांवरच सुरू होईल आणि उंच माणसाला बरोबर मध्यातून जावे लागेल. फ्रिज आत नेणे तर विसराच. बीमला हात लावायचा नाही, ही त्यातली पहिली अट. म्हणून ८ इंच उंचीची चपटी कमान घ्यावी. तिची त्रिज्या ४० इंच येते : मधल्या रेषेवर कमानीच्या माथ्यापासून ४० इंच खाली खिळा ठोकून दोरी फिरवली की झाले. बाजूंना ६ फूट ४ इंच उंची मिळते.

लाकूडगंध | २३ जून

कमान बीमखाली प्लायची करा आणि तळाला फ्लेक्सी प्लायची पट्टी द्या. ४० इंचांच्या त्रिज्येवर ती सहज वळते. कपाटाचे ८ फुटांवरचे टोक साडेसात इंच पुढे आलेले असेल. तेवढेच पाव वर्तुळात वळवून घ्या, म्हणजे वॉकर अडणार नाही. सुताराला सांगा, घरात गोलाई एवढ्या दोनच ठिकाणी आहे. तोही खूश होईल.

राजेंद्रनगर_इंदूर | १९ ऑक्टोबर

दिवाळीच्या आधी काम संपले. गोल छत आणि गोल सोफा रद्द झाले. कोनाडेही रद्द झाले, कारण ती भिंत साडेचार इंचांची निघाली. कपाट, चपटी कमान आणि ४२ इंचांचे चार पायांचे टेबल झाले. फरशीची पाचर निम्मी कपाटाखाली गेली. पुढची निम्मी उरलेली आहे, परंतु लंबगोलामुळे नजर तिकडे जात नाही. खोली अरुंद झाली का, असे पाहुण्यांपैकी कोणीच विचारले नाही, "भिंत सरळ करून घेतलीत का?" असे मात्र दोघांनी विचारले.

फजिती सतरंजीची झाली. जुन्या मोठ्या सतरंजीवर सुतळीने आखून लंबगोल कापला आणि कडेला गोट लावायला शिंप्याकडे दिला. त्याने सरळ कापलेली पट्टी लावली. घरी आणून अंथरली, तर कड पापडासारखी वर-खाली झालेली. सासूबाईंनी काठीच्या टोकाने ती उचलून पाहिली आणि सांगितले की वळणावर उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली, पट्टीच लागते. सगळा गोट उसवून पुन्हा लावून घेतला, तेव्हा कुठे ती जमिनीला चिकटून बसली.

ओट्यावरची_काकू | १९ ऑक्टोबर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. उरेब पट्टी किती रुंद घेतली? माझ्याकडेही एक सतरंजी पडून आहे.

राजेंद्रनगर_इंदूर | २० ऑक्टोबर

अडीच इंच कापली. दुमडून शिवल्यावर वरून साधारण एक इंच दिसते. आणि वॉकरच्या वाटेपासून सतरंजी फूटभर आत ठेवली आहे.